बुर्गुल रामकृष्णराव, पक्षांतर्गत मतभेद आणि आदिलाबादची वाटणी

हैदराबाद मुक्तिसंग्रामाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. सत्याग्रह, सरहद्दीवरील कँप, रझाकारांचे अत्याचार आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई हे विषय मराठवाड्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. त्यानंतरच्या आठ वर्षांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. निजामाची राजवट संपल्यापासून १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे होईपर्यंतचा हा काळ आहे. या काळातील चार वर्षे आणि आठ महिने राज्याची धुरा वाहणारे बुर्गुल रामकृष्णराव हे त्या राज्याचे पहिले आणि शेवटचे लोकनियुक्त मुख्यमंत्री. त्यांना विरोधी पक्षांनी फारसे हैराण केले नाही. त्यांची कोंडी झाली ती स्वपक्षीयांकडून. त्या कोंडीची सोडवणूक ज्या रीतीने झाली, तिच्यामुळे आदिलाबाद जिल्ह्याचे दोन भाग झाले, आणि त्यात मराठी आमदारांचा वाटा लहान नव्हता.

बुर्गुल हे मराठी समाजाला परके नव्हते. १८९९ साली महबूबनगर जिल्ह्यात जन्मलेल्या या तेलुगू गृहस्थाचे उच्च शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले, कायद्याची पदवी मुंबई विद्यापीठाची. फार्सी व उर्दूचा त्यांचा व्यासंग मोठा होता. हैदराबादेतील नामांकित वकील म्हणून त्यांचे नाव झाले आणि पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव यांनी तरुणपणी त्यांच्याच हाताखाली वकिलीची उमेदवारी केली. मराठी वाचणारा, मराठी माणसांत वावरलेला असा हा नेता. तरीही त्यांच्या सार्वजनिक जीवनाच्या मुळाशी मराठी समाजाशी झालेला एक खटका होता, हे विसरता येत नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादच्या विवेकवर्धिनीत सामाजिक परिषद भरली. तीत आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूतून बोलू लागताच सभागृहातील श्रोत्यांनी, ज्यांत मराठी भाषिकांचा भरणा होता, त्यांची हुर्यो उडविली. त्याच दिवसांत अपमानित तेलुगू मंडळींनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव यांच्याबरोबर या चळवळीतून जे पुढे आले, त्यांत बुर्गुल होते; १९३१ साली देवरकोंडा येथील आंध्र महासभेचे ते अध्यक्ष झाले. हैदराबादच्या मराठी संस्थांच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख झालाच तर ओझरता होतो. तेलुगू इतिहासात मात्र ती एका प्रकरणाचा प्रारंभ ठरली आहे.

हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये निघाली ती जन्मतःच बंदीसह. जुलै १९४६ मध्ये बंदी उठली, तेव्हा अध्यक्षपदासाठी दोन नावे समोर आली, स्वामी रामानंद तीर्थ आणि बुर्गुल रामकृष्णराव. स्वामीजी अगदी थोड्या मतांनी निवडून आले. सिंदगीचा हा संन्यासी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयातून आलेला. तडजोड हा शब्द त्यांच्या कोशात जवळजवळ नव्हता. बुर्गुल घटनात्मक मार्गाचे, वाटाघाटींवर विश्वास ठेवणारे. एक गट जहाल, एक मवाळ, अशी ही विभागणी नेहमी सांगितली जाते आणि ती पुष्कळशी खरीही आहे. पण तिच्या आड दुसरी एक रेषा होती. स्वामीजींना हैदराबाद राज्य हे सरंजामशाहीचे अवशेष वाटत होते आणि त्याचे भाषावार तीन तुकडे होऊन ते शेजारच्या प्रदेशांत मिळून गेले पाहिजेत, ही त्यांची ठाम भूमिका होती. बुर्गुलांना राज्य चालवायचे होते. ज्या पक्षाचा सर्वांत वंदनीय नेता राज्य मोडण्याच्या मताचा आहे, त्या पक्षाच्या बहुमतावर ते राज्य चालवायचे, असा हा पेच होता.

वेल्लोडी यांच्या प्रशासकीय राजवटीत जून १९५० मध्ये काँग्रेसचे चार मंत्री घेण्यात आले. बुर्गुल, फुलचंद गांधी, व्ही. बी. राजू आणि न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार हे ते चौघे. महसूल खाते बुर्गुलांकडे आले. संरक्षित कुळांना हक्क देणारा १९५० चा कूळकायदा हे त्या काळातील सर्वांत भरीव काम होय. तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढा अजून चालू असताना, आणि पक्षात जमीनदारांचे वजन असताना, हा कायदा अमलात आणणे हे धैर्याचे होते. पुढच्या वर्षी, १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत विनोबांना पहिले भूदान मिळाले. बुर्गुलांनी त्या चळवळीला मनापासून साथ दिली.

१९५२ च्या निवडणुकीत १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसला मिळाल्या. पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंट या नावाने लढलेल्या कम्युनिस्टप्रणीत आघाडीला ४२, समाजवाद्यांना ११, शेतकरी कामगार पक्षाला १०. बहुमत होते, परंतु काठावरचे, आणि त्यातही तेलंगणात काँग्रेस अशक्त होती. आदिलाबादची लोकसभेची जागा तर समाजवादी पक्षाच्या सी. माधव रेड्डी यांनी जिंकली. म्हणजे तेलुगू मुख्यमंत्र्याचे आसन बऱ्याच अंशी मराठवाडा व कर्नाटक विभागातील आमदारांच्या पाठिंब्यावर उभे होते. मंत्रिमंडळात गृहखाते दिगंबरराव बिंदू यांच्याकडे होते. विधानसभेचे सभापती काशिनाथराव वैद्य. के. व्ही. रंगा रेड्डी आणि तरुण मर्री चेन्ना रेड्डी हे तेलंगणातील मंत्री. हीच दोन रेड्डी मंडळी पुढे मुख्यमंत्र्यांच्या विरोधात उभी राहिली.

मंत्रिमंडळ स्थिरावण्याआधीच सप्टेंबर १९५२ मध्ये मुल्की आंदोलन पेटले. बाहेरून, विशेषतः मद्रासच्या आंध्र भागातून आलेल्या नोकरदारांविरुद्ध वरंगळात विद्यार्थी रस्त्यावर आले; हैदराबादेत सिटी कॉलेजजवळ गोळीबार होऊन माणसे मेली. न्यायमूर्ती पिंगळे जगनमोहन रेड्डी यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली. आपल्याच प्रांतात आपल्याला नोकरी नाही, ही तक्रार घेऊन आलेल्या मुलांवर आपल्याच सरकारने गोळी चालविली, ही गोष्ट तेलंगणातील काँग्रेसजनांच्या मनात घर करून राहिली. तीन महिन्यांनी, १५ डिसेंबर रोजी, मद्रासेत पोट्टी श्रीरामुलू यांचा उपोषणात अंत झाला आणि चारच दिवसांत पंडित नेहरूंनी आंध्र राज्याची घोषणा केली. जानेवारी १९५३ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन हैदराबादेतच, १९३८ च्या सत्याग्रहाचे अग्रणी गोविंदराव नानल यांच्या नावाने उभारलेल्या नानलनगरात भरले. भाषावार प्रांतरचनेची मागणी आता थोपविता येण्यासारखी राहिली नव्हती. डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांचा आयोग नेमला गेला.

या ठिकाणी आदिलाबादकडे वळले पाहिजे. कारण राजधानीत चाललेला वाद तत्त्वाचा असला तरी त्याची किंमत सीमेवरचे तालुके मोजणार होते.

आदिलाबाद हा हैदराबाद राज्याचा उत्तर टोकाचा जिल्हा. पैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता या नद्यांच्या पलीकडे वऱ्हाड आणि चांदा, दक्षिणेला गोदावरी. मध्ये सातमाळ्याचे डोंगर आणि सागवानाचे रान. गोंड, कोलाम, परधान हे इथले मूळ रहिवासी. १९४० साली कुमराम भीम याच जंगलात, जोडेघाटाजवळ, निजामाच्या पोलिसांशी लढताना पडला. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना तेथे पाठविण्यात आले. मारलवाईच्या त्यांच्या शिक्षण केंद्रात गोंडी भाषेचे पाठ देवनागरी लिपीत छापले गेले, कारण या भागातील गोंडांची व्यवहाराची दुसरी भाषा मराठी होती. किनवट आणि राजुरा हे तालुके तर पूर्णपणे मराठी वळणाचे. माहूरची रेणुका, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ, किनवट तालुक्यात असल्यामुळे १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होती, हे आज अनेकांना नवल वाटेल. राजुऱ्याच्या पलीकडचे चांदा हे १९४७–४८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सरहद्द कँपांपैकी एक, पी. व्ही. नरसिंह राव त्या कँपात होते. लढ्याच्या दिवसांत ही सीमा ओलांडण्यासाठी होती. आता ती आखण्याची वेळ आली.

आयोगाचा अहवाल ३० सप्टेंबर १९५५ रोजी सादर झाला. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात जावेत, कानडी जिल्हे कर्नाटकात जावेत, आणि उरलेला तेलंगण बीदर जिल्ह्यासह 'हैदराबाद राज्य' म्हणून तूर्त स्वतंत्र राहावा. १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकीनंतर तेथील विधिमंडळाने दोन तृतीयांश बहुमताने ठरविल्यास आंध्रशी एकीकरण व्हावे, अशी शिफारस होती. तेलंगणवादी मंडळींना हा विजयच वाटला. मराठी काँग्रेसजनांना मात्र या शिफारशीत एक काटा दिसत होता. आयोगाने बहुतांशी जिल्हा हा घटक धरला होता. म्हणजे अहवाल जसाच्या तसा स्वीकारला गेला असता तर मराठवाडा सुटला असता, पण बीदरमधील उदगीर, निलंगा, अहमदपूर आणि आदिलाबादमधील किनवट, राजुरा हे मराठी मुलूख उरलेल्या हैदराबाद राज्यातच अडकून पडले असते. हैदराबाद राज्य संपूर्ण विसर्जित होणे यातच त्यांची सुटका होती. स्वामीजींच्या भूमिकेत तत्त्व होते. तालुक्यांच्या पातळीवर मात्र हा सरळ हिशेबही होता.

बुर्गुलांची भूमिका या काळात बदलली. प्रारंभी त्यांचा कल वेगळ्या तेलंगणाकडे होता. परंतु दिल्लीतील पक्षश्रेष्ठींचा ओढा विशालांध्राकडे वळू लागला तसे बुर्गुलही वळले. त्यांचे टीकाकार याला दुबळेपणा म्हणतात. हा निवाडा अन्यायाचा वाटतो. त्यांच्याजवळ स्वतःची अशी पक्षसंघटना कधीच नव्हती. ती स्वामीजींच्या छायेत वाढली होती. तेलंगणातील काँग्रेस आमदारांपैकी अनेकजण रंगा रेड्डी आणि चेन्ना रेड्डी यांच्यामागे होते. विधानसभेत विशालांध्राचा सर्वांत जोरकस पुरस्कार करीत होते ते कम्युनिस्ट. ज्याचे सहकारी मंत्रीच उघड विरोधात, ज्याचे विरोधकच त्याच्या ठरावाचे पाठीराखे, आणि ज्याचे परप्रांतात जाऊ घातलेले मराठी व कानडी मित्र लवकर मोकळे होण्याच्या घाईत, अशा मुख्यमंत्र्याने दिल्लीचा शब्द डावलायचा कोणाच्या बळावर?

नोव्हेंबरच्या अखेरीस हैदराबाद विधानसभेत अहवालावर चर्चा सुरू झाली. ती ३ डिसेंबर १९५५ पर्यंत चालली. १४७ सदस्यांनी मते मांडली. त्यांपैकी १०३ विशालांध्राच्या बाजूचे, २९ विरोधात, बाकीचे तटस्थ. हे आकडे नेहमी उद्धृत होतात आणि त्यांवरून तेलंगणाने राजीखुशीने एकीकरण स्वीकारले, असे सांगितले जाते. परंतु त्या १०३ मध्ये मराठी व कानडी आमदार होते, ज्यांना या नव्या राज्यात एक दिवसही राहायचे नव्हते. केवळ तेलंगणातील आमदार मोजले तर ५९ बाजूने आणि २५ विरुद्ध, असा हिशेब येतो. बहुमत तेव्हाही विशालांध्राचेच. परंतु त्यात कम्युनिस्ट आघाडीचे सदस्य मोठ्या संख्येने होते. काँग्रेस पक्षाच्या पोटात चित्र उलटे होते. प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षांनी अखिल भारतीय अध्यक्ष ढेबर यांना कळविले की, निवडून आलेल्या प्रतिनिधींपैकी सुमारे ८० टक्के एकीकरणाविरुद्ध आहेत. सभागृहात ठरावावर प्रत्यक्ष मतदान झालेच नाही. 'लोकांच्या इच्छेनुसार' एवढे शब्द ठरावात घाला, असा तेलंगणवाद्यांचा आग्रह होता. त्या शब्दांपाशी गाडे अडले.

मराठी आमदारांनी गैर काही केले असे म्हणवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या उर्दूच्या अमलाखाली दबलेल्या भाषेला आपल्या भावंडांत जाण्याची संधी आली होती. तरी शेजाऱ्याच्या घराचा निर्णय आपल्या निघून जाण्याच्या सोयीने झाला, हेही खरे. १९२१ मधील विवेकवर्धिनीतील गोंगाट आणि १९५५ मधील विधानसभेतील संयमी भाषणे यांत सभ्यतेचे अंतर मोठे आहे. तेलुगू माणसाच्या म्हणण्याला मराठी माणसाने दिलेली किंमत दोन्ही वेळा फारशी नव्हती.

यानंतर बुर्गुलांनी विरोधकांना संपविण्याचा नव्हे तर त्यांना लेखी हमी मिळवून देण्याचा मार्ग घेतला. २० फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीतील हैदराबाद हाऊसमध्ये दोन्ही बाजूंचे चार चार नेते बसले. आंध्रच्या वतीने बेजवाडा गोपाळ रेड्डी, नीलम संजीव रेड्डी, गौतू लच्चन्ना व अल्लूरी सत्यनारायण राजू. तेलंगणाच्या वतीने बुर्गुल, रंगा रेड्डी, चेन्ना रेड्डी आणि जे. व्ही. नरसिंगराव. मुख्यमंत्री आणि त्यांचे दोन बंडखोर मंत्री एकाच बाजूला बसले, हे लक्षात घेण्याजोगे. चौथे नरसिंगराव हे आदिलाबाद जिल्ह्यातील लक्षेट्टीपेटचे. 'जंटलमेन्स अ‍ॅग्रीमेंट' या नावाने प्रसिद्ध झालेल्या या करारात तेलंगणाचा शिल्लक महसूल तेलंगणातच खर्च करणे, नोकऱ्यांसाठी बारा वर्षांच्या वास्तव्याची अट, शेतजमिनींच्या विक्रीवर नियंत्रण, प्रादेशिक मंडळ, मंत्रिमंडळात साठास चाळीस हे प्रमाण अशा अटी होत्या. शिवाय मुख्यमंत्री आंध्रचा असल्यास उपमुख्यमंत्री तेलंगणाचा असावा, ही अट.

पुढील महिन्यात निजामाबादच्या सभेत नेहरूंनी या एकीकरणाला विवाहाची उपमा देऊन, न पटल्यास काडीमोडही होऊ शकतो, असे सूचित केल्याची आठवण तेलंगणात अर्धशतक सांगितली जात राहिली.

राज्य पुनर्रचना कायद्याने आदिलाबादच्या नकाशावर कात्री चालविली. किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडल मुंबई राज्यात गेले. बदल्यात म्हणावे तसे, नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडले आदिलाबादला जोडली गेली. त्याच तालुक्याचे धर्माबाद मात्र नांदेडकडे राहिले. एका तालुक्याचे असे दोन तुकडे पडले. मुधोळबरोबर गोदाकाठचे बासर गेले. माहूरची रेणुका इकडे आली आणि बासरची सरस्वती तिकडे गेली, असा हा व्यवहार. ग्रंथालयाच्या सभासदांनी तो कोणत्या बाजूने फायद्याचा मानायचा ते ठरवावे. राजुरा प्रथम नांदेड जिल्ह्यात घातला गेला. नांदेडहून त्याचा कारभार पाहणे किती गैरसोयीचे होते ते नकाशा पाहताच कळते. १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडण्यात आला. मुधोळ, भैंसा, वांकिडी, केरामेरी या पट्ट्यात मराठी बोलणारे लोक मागे राहिले. त्यांच्या वतीने हैदराबादच्या विधानसभेत बोलणारे मराठवाड्याचे आमदार आता मुंबईला गेले होते. जिवतीच्या डोंगरातील चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत राहिली आणि तेथील लोक दोन्हीकडच्या मतदार यादीत नाव राखून राहिले.

बुर्गुल मुख्यमंत्रिपदाच्या स्पर्धेतून दूर झाले. आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री संजीव रेड्डी. करारातील उपमुख्यमंत्रिपद त्यांनी भरलेच नाही. ते हाताला फुटलेले सहावे बोट आहे, असे त्यांनी म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. ज्या कागदावर स्वतःची सही होती त्याविषयी हे उद्गार! बुर्गुल तोवर राज्यपाल म्हणून केरळला गेले होते. पुढे उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. १४ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात दीड वर्षाने त्या कराराचा स्फोट झाला. १९६९ च्या जानेवारीत पालोंच्याच्या औष्णिक वीज केंद्रातील नोकऱ्यांवरून सुरू झालेले आंदोलन सर्व तेलंगणात पसरले आणि मुख्यमंत्री कासू ब्रह्मानंद रेड्डी यांना, बुर्गुलांप्रमाणेच, स्वपक्षातील बंडाला तोंड द्यावे लागले. या वेळी आदिलाबादचे दोन काँग्रेसजन समोरासमोर आले. करारावर सही करणारे नरसिंगराव त्याच वर्षी उपमुख्यमंत्री झाले. संजीव रेड्डींनी अवमानलेली अट अशी एका आंदोलनाला शमविण्यासाठी पाळली गेली. दुसरे कोंडा लक्ष्मण बापूजी. आसिफाबादजवळच्या वांकिडीचे, जेथील बाजारात मराठी सहज ऐकू येते. १९५२ मध्ये आसिफाबादमधूनच ते विधानसभेत गेले होते. त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा देऊन वेगळ्या तेलंगणाची बाजू घेतली. चेन्ना रेड्डी तेलंगण प्रजा समितीचे नेते झाले. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत समितीने तेलंगणातील चौदापैकी दहा जागा जिंकल्या. आदिलाबादची जागा मात्र काँग्रेसकडेच राहिली. सप्टेंबरमध्ये ब्रह्मानंद रेड्डी पायउतार झाले, समिती काँग्रेसमध्ये विलीन झाली, आणि मुख्यमंत्रिपदी आले बुर्गुलांचे जुने उमेदवार वकील, पी. व्ही. नरसिंह राव. ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरविल्यावर त्यांनी निकालाचे स्वागत केले. आता आंध्र भागातील मंत्र्यांनी राजीनामे दिले. सोळा महिनेही पुरे होण्याआधी, जानेवारी १९७३ मध्ये, त्यांना पद सोडावे लागले.

बापूजी त्यानंतर चाळीस वर्षे त्याच मागणीवर ठाम राहिले. हुसेनसागराच्या काठच्या त्यांच्या 'जलदृश्यम्' या वास्तूत एप्रिल २००१ मध्ये तेलंगण राष्ट्र समितीची स्थापना झाली. २१ सप्टेंबर २०१२ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, ते गेले. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या राज्याने आदिलाबादचे चार जिल्हे केले. मुधोळ व बासर निर्मल जिल्ह्यात पडले, नरसिंगरावांचे लक्षेट्टीपेट मंचिर्यालमध्ये, आणि बापूजींची वांकिडी कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात. तेथून राज्याची सीमा थोड्याच अंतरावर आहे. सीमेपलीकडे राजुरा.